रॉ छायाचित्रांचे एकगठ्ठा रूपांतरण

रॉ छायाचित्रांचे एकगठ्ठा रूपांतरण म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याने साठवलेल्या अनेक कच्च्या संचिका एकाच वेळी जेपेगसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात बदलण्याची क्रिया होय. 'रॉ' हे आद्याक्षरांचे रूप नसून 'कच्चा' या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. व्यापाऱ्याच्या कच्च्या आणि पक्क्या वहीत जे नाते, साधारण तेच रॉ आणि जेपेगमध्ये असते. पक्की नोंद वाचायला सोयीची असते, पण वाद उद्भवल्यास कच्ची वहीच काढावी लागते.

कच्च्या संचिकेचे स्वरूप

कॅमेऱ्याचा संवेदक प्रकाशाची केवळ तीव्रता मोजतो. रंग कळावा म्हणून त्यावर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये या मांडणीचे पेटंट मिळाले. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या असतात. प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचे मोजमाप होते व उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरले जातात. रॉ संचिकेत हे अनुमान अद्याप झालेले नसते. तीत प्रत्येक बिंदूसाठी बहुधा १२ किंवा १४ बिट, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात. रूढ जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ असतात. सावलीतील तपशील नंतर उजळता येतो तो या फरकामुळे.

प्रत्येक उत्पादकाचे स्वरूप निराळे आहे. कॅननचे सीआर२ व सीआर३, निकॉनचे एनईएफ आणि सोनीचे एआरडब्ल्यू ही त्यांची उदाहरणे होत. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी हे सामाईक स्वरूप मांडले, तरी ही विविधता संपलेली नाही. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली डीसीरॉ ही आज्ञावली अनेक मुक्त साधनांचा पाया ठरली. मात्र ती सीआर३ वाचू शकत नाही. डार्कटेबल, रॉथेरपी व डिजिकॅम या मुक्त आज्ञावल्यांमध्ये एकगठ्ठा रूपांतरणाची सोय आहे.

एकच मांडणी सर्वांना

या पद्धतीत एका छायाचित्रावर श्वेत-संतुलन, उजेड व तीक्ष्णता ठरवून तीच मांडणी उरलेल्या छायाचित्रांना लावली जाते. ती कितपत योग्य ठरेल हे प्रकाशावर अवलंबून असते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात एकाच टेबलावर, त्याच दिव्यांखाली टिपलेल्या शेकडो सुट्या भागांसाठी ही पद्धत आदर्श होय. कारखान्याच्या मोकळ्या भागात मात्र छतातून येणारा दिवसाचा उजेड दिव्यांच्या प्रकाशात मिसळतो. शिवाय भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात घेतलेल्या लागोपाठच्या चित्रांचा रंग व उजेड त्यामुळे बदलू शकतो. हा दोष एका मांडणीने जात नाही.

पालखी सोहळ्यात अडचण आणखी वाढते. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. दिवसा ढगाळ आकाशाखाली टिपलेल्या दिंड्यांसाठी ठरवलेले संतुलन मंदिरातील पिवळ्या दिव्यांखालच्या चित्रांना लावले, तर ती नारिंगी दिसतात. म्हणून आधी प्रकाशानुसार गट पाडणे आवश्यक असते. वारकऱ्यांचे पांढरे सदरे संदर्भासाठी धरण्याचा मोह होतो. परंतु नीळ घातलेले कापड किंचित निळसर असते आणि त्यावरून केलेले संतुलन चित्र पिवळसर करते. त्यापेक्षा करडे कार्ड विश्वासार्ह.

नावे, नोंदी आणि मूळ संचिका

अनेक कॅमेऱ्यांत क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा आरंभापासून सुरू होतात. दोन कार्डांवरील एकाच नावाच्या संचिका एका फोल्डरमध्ये रूपांतरित केल्यास, आज्ञावलीच्या मांडणीनुसार, दुसरी पहिलीला पुसू शकते आणि पडद्यावर सूचना येईलच असे नाही. नावात दिनांक घातल्यास हा धोका बराच टळतो. दिनांक, स्थान व कॅमेऱ्याची माहिती देणाऱ्या एक्झिफ नोंदी जेपेगमध्ये उतरल्या की नाहीत, हेही पाहावे लागते.

विकिमीडिया कॉमन्सवर रॉ संचिका स्वीकारल्या जात नाहीत, जेपेग चालते. त्यामुळे चिंचवडचे मोरया गोसावी समाधी मंदिर किंवा चाकणचा संग्रामदुर्ग तेथे पोहोचतो तो रूपांतरित होऊनच. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाविरुद्ध लढवलेल्या या भुईकोटाची तटबंदी आज बरीच ढासळलेली आहे. अशा वास्तूच्या रॉ संचिका जेपेग झाल्यावर पुसून टाकणे अयोग्य होय. जेपेगमधून गळालेला सावलीतील तपशील परत मिळत नाही आणि पडलेली भिंत पुन्हा टिपता येत नाही.

केवळ निवडीसाठी चित्रे पाहायची असल्यास रूपांतरणाची गरजच नसते. बहुतेक रॉ संचिकांमध्ये कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेले जेपेग पूर्वदृश्य दडलेले असते व ते अत्यल्प वेळात वेगळे काढता येते.