एक रेणू, दोन नावे #थ्रेड

१६५८ साली स्वित्झर्लंडमधील वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी, अचानक झटका येऊन दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनांवरून, या झटक्यामागे मेंदूतील रक्तस्राव असू शकतो हे ग्रंथरूपाने मांडले. रक्तस्रावानंतर भोवतालच्या रक्तवाहिन्यांचे काय होते, हा प्रश्न मात्र तीन शतकांहून अधिक काळ मागेच राहिला.

त्याच्या उत्तराचा धागा मेंदूत नव्हे, कर्करोगाच्या गाठीत सापडला. १९८३ मध्ये बोस्टनचे डोनाल्ड सेंगर आणि हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी गिनीपिगच्या गाठींतून एक प्रथिन वेगळे केले. त्याच्या प्रभावाने रक्तवाहिन्या झिरपू लागत. म्हणून त्याचे नाव ठेवले गेले ‘वाहिनी-पारगम्यता घटक’. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांना गायीच्या पीयूषिका ग्रंथीतील पेशींपासून रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन मिळाले. ते ‘व्हीईजीएफ’. त्याच वर्षी दोन्हींची जनुकीय रचना प्रसिद्ध झाली आणि उलगडा झाला: रेणू एकच होता!

पुढे व्हीईजीएफ हेच नाव रूढ झाले. वाढ घडवणारा रेणू ऐकायलाही आश्वासक वाटतो. पण रक्तस्रावाच्या रुग्णासाठी पहिल्या काही दिवसांत ते जुने, मागे पडलेले नावच अधिक खरे ठरते.

मेंदूत साकळलेले रक्त भोवतालच्या ऊतींवर दाब आणते. तेथे प्राणवायू कमी पडला की व्हीईजीएफ वाढते. प्राणवायूच्या तुटवड्याशी असलेले त्याचे हे नाते १९९२ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी दाखवले होते. व्हीईजीएफमुळे वाहिन्या झिरपतात, सूज चढते आणि कवटीत तर पसरायला जागाच नसते. उंदरांवरील प्रयोगांत मात्र पुढच्या काही दिवसांत त्याच गुठळीभोवती नव्या वाहिन्या फुटताना दिसल्या.

मग हा रेणू बाहेरून द्यावा का, आणि केव्हा? २००० साली डेट्रॉइटमध्ये झेंग गँग झँग आणि मायकल चॉप यांच्या गटाने हे तपासले. त्यांच्या उंदरांत रक्तस्राव नव्हे, तर रोहिणी तुंबवलेली होती. तासाभरात व्हीईजीएफ दिलेल्या उंदरांच्या मेंदूत गळती आणि रक्तस्राव वाढला. ४८ तासांनी दिलेल्यांत नव्या वाहिन्या वाढल्या आणि हालचाली सुधारल्या.

व्हीईजीएफ रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या कर्करोगावरील औषधाला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मेंदूतील रक्तस्रावाच्या रुग्णाला हाच रेणू देणारे औषध मात्र अजून नेहमीच्या उपचारांत आलेले नाही.