ओव्हनचे तापमान: ३५० फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस?

केकच्या अमेरिकन रेसिपीत ओव्हन बहुतेक वेळा '३५०' वर गरम करायला सांगितलेले असते. भारतातल्या ओटीजीवर मात्र आकडे साधारण २५० पर्यंतच असतात. कारण रेसिपीतला आकडा फॅरनहाइटचा असतो आणि ओटीजीवरचा सेल्सिअसचा. हे लक्षात न घेता बटण शेवटपर्यंत फिरवले, तर केक वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो.

दोन्ही मापांत फरक काय?
सेल्सिअस मापात पाणी ० अंशाला गोठते आणि १०० अंशांना उकळते. फॅरनहाइटमध्ये हेच आकडे ३२ आणि २१२ आहेत. म्हणजे सेल्सिअसच्या १०० अंशांत फॅरनहाइटचे १८० अंश बसतात. सूत्र त्यावरूनच येते.

सूत्र
फॅरनहाइटच्या आकड्यातून ३२ वजा करा, ५ ने गुणा आणि ९ ने भागा.
उदाहरण: ३५० − ३२ = ३१८; ३१८ × ५ ÷ ९ = सुमारे १७७.
ओटीजीवर हे १८० धरले तरी चालते. घरगुती ओव्हनचे तापमान तसेही थोडे वरखाली होत असते.

नेहमी लागणारे आकडे (फॅरनहाइट = सेल्सिअस, जवळपास)
- २५० = १२०
- ३०० = १५०
- ३२५ = १६५
- ३५० = १८०
- ३७५ = १९०
- ४०० = २००
- ४२५ = २२०
- ४५० = २३०

झटपट हिशेब
३०० ते ४०० फॅरनहाइटच्या दरम्यान आकडा निम्मा केला तरी उत्तर चार-पाच अंशांच्या आत येते. ही सोय फक्त ओव्हनपुरतीच. तापाच्या किंवा हवेच्या तापमानाला ती लागू पडत नाही.

ब्रिटिश रेसिपीतला 'गॅस मार्क'
ब्रिटनमध्ये गॅस ओव्हनवर १ ते ९ असे क्रमांक असतात. गॅस मार्क ४ म्हणजे १८० सेल्सिअस, तर ६ म्हणजे २००.

इथे चूक होते
'तापमान २५ फॅरनहाइटने कमी करा' अशी सूचना असेल, तर ३२ वजा करायचे नाहीत. हा तापमानातला फरक आहे, त्यामुळे फक्त ५ ने गुणून ९ ने भागायचे. उत्तर सुमारे १४ सेल्सिअस येते.

ओव्हनमध्ये पंखा (कन्व्हेक्शन) चालू असेल, तर आधी रूपांतर करा आणि मग साधारण २० सेल्सिअस कमी करा. मात्र रेसिपीतले तापमान पंख्याच्या ओव्हनसाठीच दिलेले असेल, तर पुन्हा कमी करू नका.

माप लिहिलेलेच नसेल तर?
३०० किंवा त्याहून मोठा आकडा जवळजवळ नेहमी फॅरनहाइटचा असतो. केकसाठी '१८०' लिहिले असेल तर ते सेल्सिअसच, कारण १८० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ८२ सेल्सिअस आणि तेवढ्यात केक भाजला जात नाही. '२५०' मात्र फसवा आकडा आहे. पिझ्झासाठी तो सेल्सिअस असू शकतो, पण मंद आचेवर वाळवायच्या मेरिंगसाठी फॅरनहाइट. अशा वेळी पदार्थ कोणता आणि तो किती वेळ भाजायचा आहे, हे पाहूनच बटण फिरवावे.