दुधाळ लघवीचा इतिहास

हत्तीपाय हा शब्द पुसद परिसरातील विद्यार्थ्यांना नवा नाही. यवतमाळची गणना राज्यातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत होते. परंतु याच रोगाचे दुसरे एक रूप पायावर दिसत नाही. काही रुग्णांना दुधासारखी पांढरी लघवी होते. 'धातू जाते' अशा समजुतीने रुग्ण संकोचतो आणि उपचार लांबतात.

या लघवीनेच शास्त्रज्ञांना कृमीपर्यंत नेले. ब्राझीलमध्ये वुखेरर यांना १८६६ साली तिच्यात सूक्ष्म कृमी दिसले. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी ते १८७० मध्ये लघवीत आणि १८७२ मध्ये रक्तात पाहिले. हे कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७च्या सुमारास चीनमध्ये दाखविले.

पण लघवी पांढरी का होते? अन्नातील बरेचसे स्निग्ध पदार्थ आतड्यातून लसवाहिन्यांमार्गे रक्तात पोहोचतात. प्रौढ कृमी लसवाहिन्यांतच राहतात. त्यामुळे वाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात व लस उलटी वाहू लागते. मूत्रपिंडाजवळची फुगलेली वाहिनी फुटली की लस लघवीत उतरते. पाट फुटून पाणी शेताऐवजी नाल्यात जावे, तसाच हा प्रकार. स्निग्धांश व प्रथिने वाया जाऊन रुग्ण खंगतो.

फुटलेला पाट बुजवायचा कसा? पूर्वी कूस उघडून मूत्रपिंडाभोवतीच्या लसवाहिन्या बांधून तोडीत. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये किनमंथ यांनी पायात निळे रंगद्रव्य टोचून लसवाहिनी शोधण्याची व तिचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत रूढ केली. पुढे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत नेता येऊ लागली. तिच्यातून सिल्व्हर नायट्रेटचे किंवा पोव्हिडोन आयोडीनचे सौम्य द्रावण सोडतात. द्रावणाने दाह होऊन छिद्रे बुजतात. शरीरावर छेद द्यावा लागत नाही. भारतीय मूत्ररोगतज्ज्ञांनी ही पद्धत बरीच वापरली आहे. काहींना त्रास पुन्हा उद्भवतो. मग उपचार पुन्हा करावे लागतात. पोटातून सुई घालून छातीतील मुख्य लसवाहिनीची गळती बंद करण्याचे तंत्र अमेरिकेत कोप यांनी १९९८च्या सुमारास पुढे आणले.

मात्र नळीने छिद्र बुजते, बिघडलेल्या झडपा पूर्ववत होत नाहीत. म्हणून संसर्ग रोखणे महत्त्वाचे. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. अशी मोहीम शाळेत येते तेव्हा निरोगी मुलाने गोळी का घ्यायची, हे शिक्षकांनी आपल्या वर्गाला समजावून सांगावे, असे आम्हांला वाटते.