खिडकीची मोटार आणि बाहेर बदललेलं ऑइल

दादानं गेल्या वर्षी नवी गाडी घेतली. दिवाळीत सगळे कोकणात गेलो होतो, सर्व्हिसची तारीख उलटायला आली होती, म्हणून त्यानं वाटेतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. दोन महिन्यांनी डाव्या खिडकीची काच वर येईना. पॉवर विंडोची मोटार गेली होती. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं कॉम्प्युटरवर गाडीची हिस्टरी बघितली आणि म्हणाला, "सर, एक सर्व्हिस बाहेर केलीये. वॉरंटी नाही लागू होणार."

दादाचा लगेच मला फोन. "तू तंत्रज्ञानाच्या इतिहासात पीएचडी करतेस ना? मग सांग, हे खरं आहे का?"

मी एमएस्सी केलं भौतिकशास्त्रात. त्यामुळे डोक्यात पहिला प्रश्न आला तो सरळ होता: इंजिन ऑइलचा आणि खिडकीच्या मोटारीचा संबंध काय? काहीच नाही. दुसरा प्रश्न यायला जरा वेळ लागला, आणि संशोधनाच्या दृष्टीनं तोच जास्त कामाचा निघाला. "बाहेर केलं की वॉरंटी गेली" हे वाक्य आपण सगळे निसर्गनियमासारखं मान्य करतो. ते आलं कुठून? आणि त्याला कुणी कधी हरकत घेतली होती का?

आधी अमेरिकेत जावं लागतं, कारण या विषयाचे जुने कागद तिथे आहेत. १९५५ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या हेनिंगसेन नावाच्या गृहस्थांनी बायकोला भेट म्हणून नवी प्लिमथ घेतली. दहा दिवसांनी, गाडी जेमतेम ४६८ मैल चाललेली असताना, स्टिअरिंग निकामी झालं आणि गाडी भिंतीवर आदळली. वॉरंटी किती? ९० दिवस किंवा ४,००० मैल, यातलं जे आधी संपेल ते. तीही फक्त खराब पार्ट बदलून देण्याची, आणि तो पार्ट मालकानं स्वतःच्या खर्चानं कारखान्यात पाठवायचा. बाकी कसलीही जबाबदारी आमच्यावर नाही, असं बारीक अक्षरात छापलेलं. १९६० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे हात झटकणं मान्य केलं नाही. कारण वाचण्यासारखं आहे. बहुतेक सगळे कारखानदार एकाच संघटनेचा एकच छापील नमुना वापरत होते, त्यामुळे ग्राहक दुसऱ्या दुकानात गेला तरी तिथेही तोच कागद.

हा निकाल मी वाचला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. 'वॉरंटी' म्हणजे ग्राहकाला दिलेलं संरक्षण असं आपण समजतो. पण कागद म्हणून ती लिहिली कंपनीच्या वकिलानं, कंपनीची जबाबदारी मोजून-मापून आवळण्यासाठी. हे डोक्यात ठेवून वाचलं की पुढचा इतिहास सोपा जातो.

पुढे कंपन्यांची मुदतीवरून चढाओढ लागली. क्रायस्लरनं १९६३ च्या मॉडेलांना इंजिन-गिअरबॉक्सवर पाच वर्षं किंवा ५०,००० मैल देऊ केले. मुदत वाढली तशा देखभालीच्या अटीही वाढल्या. गाडी वेळेवर सर्व्हिस केली, हे मालकानं दाखवायचं. अट तशी गैर नाही. ऑइल न बदलता इंजिन जॅम केलं तर कंपनीनं का भरावं? प्रश्न "केव्हा" वरून "कुठे" वर सरकतो तिथे गडबड होते.

ही गडबड कायद्यानं थेट पकडली ती मॅग्नसन-मॉस वॉरंटी अॅक्टमध्ये. ४ जानेवारी १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. (हो, आडनाव फोर्डच, मोटारवाल्या फोर्डशी संबंध नाही.) त्याच्या कलम १०२(सी) चा मथितार्थ असा: अमुक ब्रँडचाच पार्ट किंवा अमुक कंपनीचीच सेवा घ्या, अशी अट वॉरंटीला जोडता येणार नाही. कंसातला अपवाद मला सगळ्यात आवडला. ती वस्तू किंवा सेवा वॉरंटीतच फुकट मिळत असेल, तर अट चालेल. म्हणजे आमच्याकडेच ये म्हणायचं तर पैसे मागू नका. याशिवायची सूट हवी असेल तर कंपनीनं फेडरल ट्रेड कमिशनकडे जाऊन सिद्ध करायचं की त्या वस्तूशिवाय आमचं उत्पादन नीट चालतच नाही.

युरोपनं हाच मुद्दा स्पर्धा कायद्यातून हाताळला. २००२ च्या आणि मग २०१० च्या मोटार क्षेत्राच्या नियमांतून स्वतंत्र गॅरेजना तांत्रिक माहिती आणि सुटे भाग मिळायची वाट मोकळी झाली. २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत वॉरंटीचा उल्लेख स्पष्टच आहे.

आणि आपल्याकडे? इथे माझी चूक सांगते. मी आधी बातम्या शोधल्या. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला, हे लगेच सापडलं. सगळ्या मथळ्यांत तोच आकडा. मी तो वहीत लिहिला आणि वाटलं, झालं काम. गाइडनी विचारलं, "आदेश वाचलास?" नव्हता वाचला. तो दोनशेहून जास्त पानांचा आहे.

केस क्रमांक ०३/२०११. सुरुवातीची तक्रार तीनच कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीत बाकीच्या आल्या. मुख्य मुद्दा असा की सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळतच नाहीत, त्यामुळे एकदा गाडी घेतली की ग्राहक त्याच कंपनीच्या दावणीला. आपल्या कामाचं वाक्य अगदी शेवटी, निर्देशांमध्ये आहे. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल. आदेश वाचायला घ्याल तेव्हा शेवटाकडून सुरुवात करा, हे मी तिथे शिकले.

विज्ञानवाल्यांना यातली गंमत कळेल. "बाहेर गेली" आणि "बिघडली" या दोन घटना एकामागोमाग घडल्या, एवढं पुरत नाही. पहिलीमुळे दुसरी घडली हे दाखवायला हवं. आपण पेपरमध्ये रेफरीला जे उत्तर देतो, तेच.

पण हा आदेश ब्रह्मवाक्य म्हणून फडकवू नका. त्याला कोर्टात आव्हान मिळालं. तीन कंपन्यांच्या अपिलात, डिसेंबर २०१६ मध्ये, अपिलीय न्यायाधिकरणानं दोष कायम ठेवला, पण दंडाचा हिशेब सगळ्या उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर आणला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. तरी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर वाक्य तेच ऐकू येतं.

मग गाडी न्यायची कुठे? दादाला मी सांगितलं ते असं. पहिल्या काही सर्व्हिसची मजुरी फुकट असते, त्या अधिकृत ठिकाणीच कर. जिथून गाडी घेतली तोच डीलर हवा असं नाही, त्या कंपनीचं कुठलंही अधिकृत सेंटर चालतं. वॉरंटीतला पार्ट बदलायचा तर तिथेच जावं लागणार. मधलं काम बाहेर करायचंच असेल तर पक्कं बिल घे आणि त्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा नंबर लिहून घे. आधी वॉरंटीची पुस्तिका वाच. त्यानं ती तोवर प्लॅस्टिकच्या कव्हरातून बाहेरही काढली नव्हती.

मग आम्ही सेंटरला ईमेल केला. त्यात एकच विनंती होती: ऑइल बदलल्यामुळे खिडकीची मोटार कशी बिघडली, ते लेखी कळवा. कोकणातलं बिल जोडलं.

आठवड्यानं फोन आला, गाडी घेऊन या. मोटार बदलून दिली, पैसे घेतले नाहीत. लेखी उत्तर मात्र आलं नाही, आणि जॉबकार्डवर वॉरंटीच्या रकान्यात काहीच नव्हतं. शेऱ्यात लिहिलं होतं 'गुडविल'. दादा खूश. मी त्या जॉबकार्डचा फोटो काढून ठेवलाय. कारण पन्नास वर्षांनी कुणी हा इतिहास लिहायला बसलं, तर आमचं भांडण त्यांना कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही.