वृक्क पुनर्प्रतिरोपण

वृक्क पुनर्प्रतिरोपण : पूर्वी प्रतिरोपित केलेले वृक्क (मूत्रपिंड) निकामी झाल्यावर त्याच रुग्णाच्या शरीरात दुसऱ्या दात्याचे वृक्क बसविण्याची शस्त्रक्रिया. पहिले वृक्क सामान्यतः उदराच्या खालच्या भागात उजव्या बाजूस, तर दुसरे डाव्या बाजूस बसवितात. रुग्णाची मूळची वृक्के व निकामी झालेले प्रतिरोपित वृक्क बहुधा काढीत नाहीत. त्यामुळे अशा व्यक्तीच्या शरीरात चार वृक्के असून त्यांपैकी एकच कार्य करीत असते.

पहिले यशस्वी वृक्क प्रतिरोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी एकसमान जुळ्या भावांमध्ये केले. परकेपणाचा प्रश्नच नसल्याने ग्राहीच्या शरीराने ते वृक्क नाकारले नाही. तथापि मूळचा वृक्कदाह नव्या वृक्कातही उद्भवला व आठ वर्षांनी ग्राही मरण पावला. भारतात मे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत दात्याचे वृक्क बसविण्यात आले. तो ग्राही थोडेच दिवस जगला. जिवंत दात्याकडून घेतलेल्या वृक्काचे देशातील पहिले यशस्वी प्रतिरोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले.

दुसऱ्या प्रतिरोपणाची खरी अडचण शस्त्रक्रियेची नसून प्रतिरक्षेची आहे. पहिल्या वृक्काच्या ऊतकांतील परके प्रतिजन शरीर विसरत नाही. त्यांच्याविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड रक्तरसात राहतात आणि तेच प्रतिजन असलेले वृक्क पुन्हा आल्यास त्यावर काही मिनिटांत वा तासांत हल्ला करतात. लॉस अँजेल्स येथील पटेल व टेरासाकी यांनी १९६९ मध्ये ही गोष्ट आकड्यांनी दाखविली. ग्राहीचा रक्तरस व दात्याच्या श्वेत कोशिका यांची परीक्षा प्रतिकूल असतानाही केलेल्या ३० प्रतिरोपणांपैकी २४ तत्काळ वाया गेली; अनुकूल असलेल्या १९५ पैकी केवळ ८ वाया गेली. तेव्हापासून ही परीक्षा अनिवार्य झाली. पूर्वीचे प्रतिरोपण, रक्ताधान आणि गर्भारपण ही असे प्रतिपिंड निर्माण होण्याची तीन प्रमुख कारणे होत. अनेक अपत्ये झालेल्या स्त्रीच्या बाबतीत पतीचे वा मुलाचे वृक्क यामुळेच कित्येकदा निषिद्ध ठरते.

भारतात बहुतेक दाते कुटुंबातीलच असल्यामुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. अपत्याला आईकडून ऊतक-प्रतिजनांचा एक संच व वडिलांकडून एक संच मिळतो. आईने वृक्क दिले, तर तिचा दुसरा, म्हणजे अपत्याला न मिळालेला संच परका ठरतो. ते वृक्क निकामी झाल्यावर भाऊ पुढे आला आणि त्याला आईचा नेमका तोच संच मिळालेला असला, तर त्याचे वृक्क धोक्याचे. मात्र दोन्ही संच रुग्णासारखेच असलेल्या भावाचे वृक्क उत्तम जुळते. वडिलांचा परका संच निराळा असल्याने त्यांचे वृक्कही चालण्याचा संभव असतो, पण तोवर त्यांचे वय झालेले असते. ज्या घरात आईने एकदा दिले आहे, तेथे दुसऱ्यांदा कोणी द्यावे हा केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही. दाते प्रामुख्याने माता व पत्नी आणि ग्राही बहुधा पुरुष, ही गोष्टही येथे नजरेआड करता येत नाही.

सायक्लोस्पोरीन या औषधाचा वापर १९७८ मध्ये सुरू झाल्यापासून दुसऱ्या वृक्काचे आयुर्मान पुष्कळ वाढले. तरीही ते सरासरीने पहिल्याहून काहीसे कमीच राहते. पहिले वृक्क अनेक वर्षे टिकून मग क्षीण झाले असल्यास दुसऱ्याचे भवितव्य चांगले असते. काही महिन्यांतच नाकारले गेले असल्यास ते शंकास्पद होते. मूळ रोग पहिल्या वृक्कात उलटला असल्यास, विशेषतः वृक्काच्या केशिकागुच्छांच्या काही प्रकारच्या काठिण्यात, तो पुन्हा उलटण्याचा धोका मोठा असतो. प्रतिरक्षा दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागल्याने संसर्ग व कर्करोग यांची भीती वाढते. असे असूनही पुनर्प्रतिरोपण झालेले रुग्ण अपोहनावर राहिलेल्यांपेक्षा सामान्यतः अधिक जगतात. अर्थात शस्त्रक्रियेसाठी मुळात सुदृढ रुग्णच निवडले जातात, हे ही तुलना करताना ध्यानात घ्यावे लागते.

मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम (१९९४) महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला व मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानास कायदेशीर आधार मिळाला. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे असून परभणी जिल्हा शेवटच्या केंद्राच्या क्षेत्रात मोडतो. घरातील दाते संपलेल्या रुग्णास याच प्रतीक्षायादीचा आधार असतो. परंतु यादीत नाव असणे पुरेसे नसते. वृक्क उपलब्ध होताच रुग्णाला काही तासांत रुग्णालयात पोहोचावे लागते. सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा अपोहनासाठी प्रवास करीतच ही वाट पाहावी लागते. त्या काळात दिलेले प्रत्येक रक्ताधान नवे प्रतिपिंड निर्माण करून त्याला जुळणाऱ्या वृक्कांची संख्या आणखी घटविण्याचा संभव असतो. म्हणून प्रतीक्षायादीवरील रुग्णास शक्य तोवर रक्त न देता, रक्तवर्धक अंतःक्षेपणांनी पांडुरोग आटोक्यात ठेवतात.