आकाशाची हजेरी

विज्ञानाच्या इतिहासात दुर्बिणीच्या मालकाचे नाव येते. काचांवर डोळे फोडणाऱ्यांचे क्वचित. माझा व्यवसाय मजुरीच्या हिशोबाचा, म्हणून मी दुसऱ्या मंडळींकडे वळतो.

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत पिकरिंग यांनी १८८६ पासून एक मोठे काम काढले. पैसा हेन्री ड्रेपर या दिवंगत संशोधकाच्या पत्नीचा. दुर्बिणीच्या भिंगापुढे लोलक बसविला की एकाच काचेवर शेकडो ताऱ्यांचे वर्णपट उमटतात. ते इवलेसे पट्टे भिंगाखाली धरून रेषा वाचायच्या. हे काम स्त्रियांकडे गेले, कारण त्या ताशी २५ ते ५० सेंटांत मिळत.

विल्यमिना फ्लेमिंग या स्कॉटलंडहून आलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या. आधी पिकरिंग यांच्याच घरी मोलकरीण होत्या. १८९० च्या यादीतील दहा हजारांवर ताऱ्यांचे वर्गीकरण मुख्यतः त्यांचे. पण हजेरी घेणे सोपे, हजेरीत न बसणारा ओळखणे कठीण. काळ्या रेषांऐवजी तेजस्वी रेषा दाखविणारा तारा या बाईंच्या नजरेतून सहसा सुटत नसे. त्यांच्या नावावर १० नवतारे आणि तीनशेवर रूपविकारी तारे आहेत. १९१० मध्ये ‘४० एरिडानी’च्या मंद जोडीदाराबद्दल विचारणा झाली, तेव्हा थोड्याच वेळात त्यांनी काच काढून सांगितले, हा पांढऱ्या, तप्त वर्गातला. तप्त असून मंद, म्हणजे आकाराने अगदी लहान! पुढे अशांना श्वेत बटू म्हणू लागले.

१९०० च्या दैनंदिनीत फ्लेमिंगबाईंनी नोंदविले आहे : आपल्याला वर्षाला १५०० डॉलर, पुरुष सहायकांना २५००. तक्रार केली की उत्तर मिळे, बायकांच्या मानाने पगार उत्तम आहे. हे उत्तर गिरणीच्या दारात मीही ऐकलेले आहे. त्यांच्यामागून आलेल्या ॲनी कॅनन यांना ऐकू फार कमी येई. त्यांनी सव्वादोन लाख तारे वर्गांत लावले. विद्यापीठाची रीतसर नेमणूक मिळाली ती १९३८ साली!

१९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ‘३ सी २७३’ या ताऱ्यासारख्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला. रेषा ओळखीच्याच, हायड्रोजनच्या, पण तांबड्याकडे सुमारे १६ टक्के सरकलेल्या. म्हणजे ठिपका कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरचा : क्वासार. लगेच हार्वर्डच्या जुन्या काचा बाहेर निघाल्या. हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लाइट यांना तो ठिपका सुमारे ८० वर्षांच्या काचांवर सापडला, आणि त्याचे तेज कमीजास्त होताना दिसले. थोड्या वर्षांत तेज बदलते, त्या अर्थी एवढा प्रकाश ओकणारी जागा थोड्या प्रकाशवर्षांहून मोठी असणे शक्य नव्हते.