विरळ हवेंतील एंजिन

मुंबईहून पुण्यास मोटारीनें जाणाऱ्या जुन्या मंडळींस खंडाळ्याच्या घाटांतील एक देखावा आठवत असेल. घाट चढून आलेली गाडी माथ्यावर उभी आहे, एंजिनावरील झांकण उघडें आहे, आणि वाफा ओसरण्याची वाट पाहत चालक हातांत पाण्याचा डबा घेऊन तिष्ठत आहे. पण हा दोष चढणीचा; उंचीचा नव्हे. खंडाळा समुद्रसपाटीपासून दोन हजार फूटसुद्धां नाहीं. निव्वळ उंचीमुळें एंजिनास जें दुखणें जडतें तें पाहावयाचें तर त्याच्या सातपटींहून उंच अशा एका डोंगरावर गेलें पाहिजे.

अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत पाइक्स पीक नांवाचें १४,११५ फूट उंचीचें शिखर आहे. झेब्युलॉन पाइक या लष्करी अधिकाऱ्यानें १८०६ सालीं तें चढण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. तरी नांव मात्र त्याचेंच चिकटलें. पुढें स्पेन्सर पेनरोझ या धनिकानें तेथें मोटारींकरितां रस्ता बांधविला, आणि त्याचा बोलबाला व्हावा म्हणून १९१६ च्या ऑगस्टमध्यें शर्यत भरविली. री लेंट्झ नांवाचा फारसा कोणास ठाऊक नसलेला चालक २० मिनिटें ५५.६ सेकंदांत वर पोंचला आणि नामांकितांना मागें टाकून पहिला आला. ही शर्यत अद्यापि होते. आजचा मार्ग सुमारें साडेबारा मैलांचा, १५६ वळणांचा. आरंभच ९,३९० फुटांवर, आणि तेथून आणखी ४,७०० फूट चढ!

आतां एंजिनाचें दुखणें काय, तें पाहूं. आपण म्हणतों कीं गाडी पेट्रोलवर चालते. खरें पाहतां ती हवेवरहि तितकीच चालते. एक भार पेट्रोल नीट जळावयास सुमारें पंधरा भार हवा लागते. शर्यतीच्या आरंभस्थानींच हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट असते. शिखरावर ती दोन तृतीयांशांहूनहि कमी भरते. सिलिंडरचें आकारमान तेंच, पण प्रत्येक घोटांत हवा कमी. म्हणून शक्तीहि जवळजवळ त्याच प्रमाणांत घटते.

एवढ्यावर भागलें असतें तर बरें होतें. परंतु जुन्या कार्ब्युरेटरला हवेचें वजन कळत नाहीं. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या मानानें कमी करीत नाहीं. सपाटीवर बरोबर जुळविलेलें मिश्रण शिखरावर सुमारें पावपट अधिक दाट होतें. एंजिन काळा धूर ओकूं लागतें आणि ठिणगीचे प्लग काजळतात. उपाय सोपा दिसतो: पेट्रोलची बारीक तोटी, म्हणजे जेट, बदलून लहान बसवावी. पण कोणत्या उंचीस जुळेल अशी? शिखराला जुळणारी तोटी बसविली तर पायथ्याशीं मिश्रण पातळ पडून एंजिन अतोनात तापतें, झडपा जळतात. पायथ्याला जुळणारी बसविली तर शेवटचीं वळणें अडखळत चढावीं लागतात. वाटेंत थांबून तोटी बदलणें शर्यतींत शक्य नाहीं. म्हणून कारागीर मधली एखादी उंची धरून तडजोड करीत. माझ्या मतें या शर्यतीचें अर्धें श्रेय या तडजोडीचें आहे. परंतु इतिहासांत नांव राहतें तें चालकाचें.

या कारागिरांनीं डोंगराचा एक फायदाहि हेरला होता. हवा विरळ असल्यामुळें सिलिंडरांत ती अधिक आवळली तरी इंधन अवेळीं भडकून एंजिन ठोके देत नाहीं. तेव्हां दाबाचें प्रमाण वाढवावें, ठिणगी थोडी आधीं पाडावी, आणि गेलेल्या शक्तीचा कांहीं वांटा परत मिळवावा. मात्र असें डोंगरासाठीं घडविलेलें एंजिन सपाटीवर जोरानें पिटाळलें तर स्वतःलाच ठोकून फोडण्याचें भय.

खरें उत्तर शर्यतीबाहेर सांपडलें, तेंहि त्याच डोंगरावर. पहिल्या महायुद्धांत उंच उडणाऱ्या विमानांची शक्ति अशीच घटत होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनीं १९१८ सालीं ‘लिबर्टी’ हें विमानाचें एंजिन मालमोटारीवर चढवून पेनरोझच्याच रस्त्यानें शिखरावर नेलें. खालीं ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन वर २३० वर आलें. मग मॉस यांनीं आपलें टर्बो-यंत्र जोडलें. बाहेर फुकट जाणाऱ्या जळक्या वायूनें एक चक्र फिरावें, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून एंजिनांत भरावी, अशी ही योजना. शक्ति भरली ३५६! हौशी प्रवाशांसाठीं बांधलेला रस्ता असा प्रयोगशाळेच्या उपयोगीं पडला.

शर्यतीच्या मोटारींना मात्र हें औषध लागू व्हावयास बराच काळ लोटला. लुई अन्सर यानें १९३४ ते १९५३ या काळांत ही शर्यत नऊ वेळां जिंकली. पैकीं १९४६ आणि १९४७ सालीं त्याच्याजवळ इटलीची माझेराती होती. तिच्यांतील हवा भरणारा पंप एंजिनच फिरवी. असा पंप बाहेरची हवा ठराविक पटींनीं दाबतो. बाहेर हवा कमी तर आंतहि कमीच. टर्बोचें तसें नाहीं. बाहेरचा दाब उतरला कीं जळका वायु अधिक वेगानें सुटतो, चक्र अधिक जोरानें फिरतें, आणि तूट बरीचशी आपोआप भरून निघते. मिशेल मूतों या फ्रेंच महिलेनें १९८५ सालीं टर्बोच्या ऑडी गाडीनें ११ मिनिटें २५.३९ सेकंदांचा विक्रम केला. पुढच्याच वर्षीं लुईचा पुतण्या बॉबी अन्सर यानें ऑडीनेंच तो मोडला. सेबास्तियां लोब यानें २०१३ सालीं प्युजोनें ८ मिनिटें १३.८७८ सेकंदांत शिखर गांठलें. पण तोंवर रस्ता पूर्ण डांबरी झाला होता. त्याची मूतोंबाईंच्या मातीच्या रस्त्याशीं तुलना करणें मला न्याय्य वाटत नाहीं.

आणि २०१८ सालीं रोमें द्युमा यानें फोक्सवॅगनच्या विजेच्या गाडीनें ७ मिनिटें ५७.१४८ सेकंदांत चढ संपविला. तिची शक्ति ६८० अश्वशक्ति, म्हणजे लोबच्या ८७५ हून पुष्कळच कमी. पण बॅटरीला श्वास घ्यावा लागत नाहीं, त्यामुळें पायथ्याची शक्ति शिखरावरहि हवेविना उणी झाली नाहीं. तोट्यांच्या डबीचें तेथें कांहीं काम उरलें नव्हतें. तरी विरळ हवेचा हिशेब सुटला नाहींच: वळणावर गाडी जमिनीस दाबून धरावयासहि हवाच लागते, आणि ती अपुरी म्हणून त्या गाडीच्या पाठीवर भलामोठा पंख उभारावा लागला होता.